स्वतःच्याच गाण्याची नक्कल केल्याचा दावा: जॉन फोगर्टी आणि गाण्याची मालकी

एका संगीतकारानं दुसऱ्याची चाल उचलली आणि प्रकरण कोर्टात गेलं, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. पण 1985 साली अमेरिकेत एका गायकावर चक्क स्वतःच्याच जुन्या गाण्याची नक्कल केल्याचा दावा लागला. दावा ठोकणारी होती त्याची जुनी रेकॉर्ड कंपनी, आणि गायकाचं नाव जॉन फोगर्टी. जुन्या गाण्याचे शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज आणि गिटारही त्याचीच. तरीही कायद्याच्या लेखी ते गाणं त्याचं नव्हतं.

फोगर्टीचं नाव अनोळखी वाटलं तरी 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग', 'हॅव यू एव्हर सीन द रेन' यांतलं एखादं गाणं कानावरून गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. गोव्यातल्या लग्नात बँड रंगात आला की यातलं एखादं निघतंच. या माणसाच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना बहुतेक जण हिट गाण्यांची यादी देतात. मला वाटतं, 'गाणं नेमकं कोणाच्या मालकीचं असतं?' हा एक प्रश्न नीट समजून घेतल्याशिवाय ती कारकीर्द कळतच नाही. तो मधली नऊ-दहा वर्षं गप्प का होता, स्वतःचीच गाणी स्टेजवर गायला नकार का देत होता, सख्ख्या भावाशी का तुटलं, या सगळ्याची मुळं त्या प्रश्नापाशीच जातात.

दलदलीचा आवाज

जॉनचा जन्म 28 मे 1945 चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वाढला शेजारच्या एल सेरिटोत. डग क्लिफर्ड आणि स्टू कुक या शाळेतल्या दोन दोस्तांना घेऊन त्यानं 1959 मध्ये 'ब्लू व्हेल्व्हेट्स' नावाचा बँड काढला. थोरला भाऊ टॉमही त्यात आला. 1964 मध्ये या चौघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फँटसी रेकॉर्ड्सशी करार केला. ही मुळात जॅझच्या रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी. तिनं बँडचं नाव बदलून 'गॉलिवॉग्ज' केलं. पोरांना ते नाव अजिबात आवडलं नव्हतं, पण रेकॉर्ड निघतेय म्हटल्यावर गप्प बसले. 1966 मध्ये लष्करातल्या सक्तीच्या भरतीची वेळ आली, तेव्हा जॉन आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, दाखल झाला. 1967 मध्ये सॉल झँट्स या माणसानं काही भागीदारांसह फँटसी विकत घेतली आणि बँडला कायमचं नाव मिळालं: क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल.

पुढची तीन वर्षं विलक्षण होती. पहिला अल्बम 1968 चा. 1969 या एका वर्षात तीन अल्बम निघाले, 1970 मध्ये आणखी दोन. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत त्यांची पाच सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्या क्रमांकावर मात्र एकही पोचलं नाही. 'प्राउड मेरी' जॉननं लिहिलं ते 1968 मध्ये, लष्करातून सुटकेचा कागद हातात पडला त्या आनंदात. 'फॉर्च्युनेट सन' लिहिलं ते व्हिएतनामच्या युद्धात गरिबांची मुलं मरतात आणि बड्या घरची मुलं वाचतात या संतापातून. ऑगस्ट 1969 मध्ये हा बँड वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवातही वाजवून आला. ग्रेटफुल डेड या बँडचा कार्यक्रम लांबल्यामुळे त्यांची पाळी मध्यरात्रीनंतर लागली, तेव्हा बरेचसे श्रोते झोपून गेले होते. आपलं वादन उतरलं नाही असं जॉनला वाटलं आणि त्यानं वुडस्टॉकच्या सिनेमात ते घेऊ दिलं नाही. स्वतःच्या कामाबद्दलचा हा हट्ट पुढे अनेकदा दिसतो.

आता त्याच्या आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण खटला त्याच आवाजावर होता. 'बॉर्न ऑन द बायू' लावून पाहा. सुरुवातीला फक्त गिटार आहे आणि एकच कॉर्ड धरून ठेवलेला आहे. ॲम्प्लिफायरच्या ट्रेमोलोमुळे त्या कॉर्डचा आवाज सारखा लहानमोठा होत राहतो. ठेका घाईचा नाही, पण मागे रेंगाळतही नाही. मग चिरका, घशातून ओढून काढलेला आवाज येतो, आणि तो शब्दांचे उच्चार अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या माणसासारखे करतो. हे ऐकून लोकांची खात्री पटायची की हा लुईझियानाच्या दलदलीत वाढलेला माणूस असणार. प्रत्यक्षात ती दलदल त्यानं मनात रचलेली होती, जुने ब्लूज, रॉकॅबिली आणि सिनेमे यांतून. या शैलीला पुढे 'स्वॉम्प रॉक' म्हणू लागले. ही शैली त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती, पण तिच्यावर ठसा मात्र त्याचाच होता.

एका गाण्यात दोन मालमत्ता

आता कायद्याकडे येऊ. आपण सहज 'गाणं' म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीनं त्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. कागदावर लिहिली तरी ती पूर्ण असते. तिच्या हक्कांच्या व्यवहाराला पब्लिशिंग म्हणतात. दुसरी म्हणजे मास्टर, म्हणजे ती रचना एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसांनी गाऊन-वाजवून केलेलं मूळ रेकॉर्डिंग.

'प्राउड मेरी'च घ्या. क्रीडन्सच्या 'प्राउड मेरी'चा मास्टर फँटसीचा. 1971 मध्ये आयक आणि टिना टर्नर यांनी तेच गाणं आपल्या पद्धतीनं गायलं आणि ते अफाट गाजलं. त्याचा मास्टर वेगळा, कंपनी वेगळी. पण दोन्हींच्या मुळाशी असलेली रचना एकच. म्हणजे टिना टर्नरची रेकॉर्ड खपली की रचनेच्या मालकाला पैसे मिळणार. अमेरिकेत रेडिओवर गाणं लागलं तर आजही फक्त रचनेचे पैसे मिळतात, गाणाऱ्याला रेडिओ स्टेशन काहीच देत नाही. म्हणून जाणकार संगीतकार एक वेळ मास्टर सोडतो, पण पब्लिशिंगला जीवापाड जपतो.

पोरवयात केलेल्या करारांत फोगर्टीच्या हातून दोन्ही गेली. मास्टर रेकॉर्ड कंपनीचे असणं त्या काळी सर्रास होतं. पण रचनांचे हक्कही फँटसीच्याच पब्लिशिंग कंपनीकडे गेले. त्याला गीतकार-संगीतकाराचा ठरलेला वाटा मिळत राहणार होता. पण गाणं कुठल्या जाहिरातीत वाजवायचं, कुठल्या सिनेमाला द्यायचं, कोणावर खटला भरायचा, हे ठरवायचा अधिकार कंपनीचा होता. शिवाय कंपनीला ठरल्या संख्येनं रेकॉर्डिंग देत राहण्याचं बंधन होतंच. अमुक इतकी गाणी दे, ती झाली की सुटलास, असा हा मामला. 1972 मध्ये बँड फुटला, तरी जॉनवरचं ते ओझं उतरलं नाही.

बँड फुटण्याचं खापर एकट्या कंपनीवर फोडता येणार नाही. लेखन, गायन, मांडणी, ध्वनिमुद्रणातले निर्णय, सगळं जॉनच्या हातात होतं आणि बाकीचे तिघं त्यावर नाराज होते. टॉम 1971 च्या सुरुवातीला बाहेर पडला. तोवर पैशांचंही मोठं लचांड मागे लागलं होतं. कर वाचवण्यासाठी बँडचे पैसे सल्लागारांच्या सांगण्यावरून बहामातल्या कॅसल बँकेत ठेवले होते. सत्तरच्या दशकात ती बँक बुडाली आणि चौघांची त्या वर्षांची बरीचशी कमाई तिच्याबरोबर गेली. जगभर गाजलेल्या गाण्यांचा लेखक तिशीतच असा रिकाम्या हातांनी उभा राहिला.

1973 मध्ये त्यानं 'ब्लू रिज रेंजर्स' या नावानं एक अल्बम काढला. नाव बँडचं असलं तरी आतली सगळी वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली होती. 1975 मध्ये ॲसायलम कंपनीनं त्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम आणला. 1976 मध्ये केलेला पुढचा अल्बम बाहेरच आला नाही. त्यानंतर काहीच नाही. फँटसीच्या करारातून पूर्ण सुटायचं तर किंमत मोजावी लागणार होती, आणि ती त्यानं मोजली: क्रीडन्सच्या रेकॉर्डवर गायक-वादक म्हणून मिळणारी रॉयल्टी त्यानं सोडून दिली. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात जड क्षण कोर्टातला नाही, हा आहे. माणसानं पुढची गाणी लिहिता यावीत म्हणून मागच्या गाण्यांवर पाणी सोडलं. जुनी गाणी स्टेजवर गाणंही त्यानं थांबवलं, कारण आपण गायलो की ती पुन्हा लोकांच्या तोंडी येणार आणि पैसा कंपनीच्या खिशात जाणार, हे त्याला सहन होत नव्हतं.

'हा स्वतःसारखाच गातो'

जानेवारी 1985 मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडून 'सेंटरफिल्ड' हा अल्बम आला. पुन्हा सगळी वाद्यं एकट्याची. दहा वर्षांच्या खंडानंतर आलेला हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्यात पैसे लुबाडणाऱ्या एका डुकरावर 'झँझ कान्ट डान्झ' नावाचं गाणं होतं आणि झँट्स हे आडनाव ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. झँट्सनं बदनामीचा कोट्यवधी डॉलरचा दावा लावला. गाण्यातलं नाव बदलून 'व्हँझ' करण्यात आलं आणि ते प्रकरण शेवटी तडजोडीनं मिटलं.

दुसरा दावा कायद्याच्या पुस्तकात गेला. 'सेंटरफिल्ड'मधलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं म्हणजे 1970 चं 'रन थ्रू द जंगल' फक्त नवे शब्द घालून केलंय, असा फँटसीचा आरोप होता.

दाव्याला कायद्याचा आधार कसा मिळाला, ते पाहू. नक्कल सिद्ध करायची तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, आरोपी संगीतकाराला मूळ गाणं ऐकायला मिळालं होतं. दोन, दोन्ही गाण्यांत कायद्यानं संरक्षित भागाचं ठळक साम्य आहे. पहिल्या मुद्द्यावर फोगर्टीला बोलायला जागाच नव्हती, मूळ गाणं त्यानंच लिहिलेलं होतं. 'मी हे गाणं कधी ऐकलंच नाही' असं कुठलाही दुसरा संगीतकार म्हणू शकतो, पण मूळ लेखकाला तेवढं एकच उत्तर देता येत नाही. म्हणजे आपली रचना विकून बसलेला माणूस अनोळखी माणसापेक्षा जास्त अडचणीत असतो.

राहिला दुसरा मुद्दा. कायदा संरक्षण देतो ते विशिष्ट स्वररचनेला आणि विशिष्ट शब्दांना. शैलीला, आवाजाच्या पोताला, ठेका धरण्याच्या सवयीला कॉपीराइट नसतो. ब्लूजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जागा कोणा एकाच्या होत नाहीत. तेव्हा प्रश्न असा उरला की या दोन गाण्यांत साम्य आहे ते चालीचं, की फक्त त्या माणसाचं?

नोव्हेंबर 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात ज्यूरीसमोर खटला चालला. फोगर्टी साक्षीदाराच्या जागेवर गिटार घेऊन बसला आणि आपण गाणं कसं बांधतो ते वाजवून दाखवलं. ही तुकड्यांची जुळणी नाही, हा माझा हात आहे, तो जिथे जाईल तिथे असाच वाजणार, हे त्याला बोटांनी सांगायचं होतं. ज्यूरीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मला या निकालाचं मोल फार वाटतं. तो उलटा गेला असता तर कलावंताची ओळख, म्हणजे त्याचं काम दोन सुरांत ओळखू येणं, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला असता.

पण जिंकूनही तो हरल्यासारखाच होता. वकिलांचा खर्च झाला होता 13 लाख डॉलरच्या वर. अमेरिकेत साधारणपणे जिंको वा हरो, ज्याची फी त्यानं भरायची. कॉपीराइट कायद्यात मात्र कोर्टाला जिंकणाऱ्या पक्षाला फी मिळवून देण्याची मुभा आहे. हा नियम बरीच कोर्टं वापरायची एकतर्फी. गाण्याचा मालक जिंकला तर त्याला फी सहसा मिळायची. आरोप झालेला माणूस जिंकला तर त्याला आधी सिद्ध करावं लागायचं की समोरच्यानं दावा दुष्ट हेतूनं किंवा बिनबुडाचा लावला होता. खालच्या दोन्ही कोर्टांनी फोगर्टीला याच कारणानं फी नाकारली.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1 मार्च 1994 रोजी सर्व न्यायाधीश एका निष्कर्षावर आले: दोन्ही पक्षांना एकच माप लावा. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा साध्या शब्दांत असा की कॉपीराइटचा अंतिम हेतू मालकाची तिजोरी भरणं हा नाही. नवी निर्मिती लोकांपर्यंत पोचावी, हा आहे. मग कॉपीराइटची हद्द कुठे संपते हे लढून स्पष्ट करणारा प्रतिवादीही तेच काम करत असतो. 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' लोकांना ऐकायला मिळत राहिलं, हाही समाजाचा लाभच. पुढे खालच्या कोर्टानं फोगर्टीला 13,47,519 डॉलर मंजूर केले. 'फोगर्टी विरुद्ध फँटसी' हा निकाल आजही कॉपीराइटच्या खटल्यांत फीचा प्रश्न आला की हमखास पुढे येतो.

गाणी घरी येतात, पण सगळी नाही

दरम्यान त्याची जुन्या गाण्यांवरची स्वतःहून घातलेली बंदी उठली होती. 1987 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या एका क्लबात तो, बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन एकाच स्टेजवर आले. 'प्राउड मेरी' तू गायला नाहीस तर लोक ते टिना टर्नरचंच समजतील, असं डिलननं त्याला सुनावलं, ही आठवण फोगर्टीनं अनेकदा सांगितली आहे. त्याच वर्षी 4 जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात तो क्रीडन्सची गाणी गायला.

माणसांशी मात्र जुळलं नाही. वाद चिघळत असताना टॉम झँट्सच्या बाजूनं राहिला. 1990 मध्ये तो गेला, तोवर भावांचा खऱ्या अर्थानं समेट झाला नव्हता. 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हा जॉननं कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन व रॉबी रॉबर्टसन यांना बरोबर घेतलं. त्याच्यावर झालेला अन्याय मान्य करूनही हे वागणं मला पटत नाही. त्या दोघांचे पैसेही त्याच बँकेत बुडाले होते.

1997 च्या 'ब्लू मून स्वॉम्प'ला ग्रॅमी मिळालं. 2004 मध्ये काँकॉर्ड कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि फोगर्टीनं सोडलेली रॉयल्टी त्याला पुन्हा सुरू करून दिली. रचनांचे हक्क परत यायला मात्र 2023 उजाडलं. त्यामागेही कायद्याची एक तरतूद आहे. अमेरिकेत 1978 पूर्वीच्या रचनांना मुळात 28 अधिक 28, असं 56 वर्षांचं संरक्षण होतं. ते वाढवताना कायद्यानं ठरवलं की वाढीव वर्षांचा लाभ लेखकाला घेता यावा. म्हणून 56 वर्षांनंतर, आगाऊ नोटीस देऊन, लेखक जुना करार संपवू शकतो. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हा हक्क सुटत नाही. 1969 च्या गाण्यांची ही मुदत 2025 ला येत होती. हा हक्क अमेरिकेपुरताच असतो. पण अमेरिकेतले हक्क जाणारच आहेत म्हटल्यावर बोलणी सोपी होतात. जानेवारी 2023 मध्ये फोगर्टीनं क्रीडन्सच्या गाण्यांच्या जगभरातल्या पब्लिशिंगचा बहुतांश वाटा काँकॉर्डकडून विकत घेतला. तेव्हा तो 77 वर्षांचा होता.

आपल्याकडे हाच प्रश्न सिनेसंगीतात होता आणि 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क निर्मात्याला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा ते कराराने सोडूच शकत नाहीत. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. फोगर्टीला पन्नासहून अधिक वर्षं थांबून जे मिळालं त्यातला काही भाग भारतीय गीतकाराला पहिल्या दिवसापासून मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे.

मास्टर मात्र अजूनही त्याचे नाहीत, आणि त्यावर 56 वर्षांचा उपायही चालत नाही. 15 फेब्रुवारी 1972 पूर्वीच्या रेकॉर्डिंगना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कॉपीराइटच नव्हता, त्यांचं संरक्षण राज्यांच्या कायद्यांवर होतं. त्यामुळे करार संपवण्याची ती तरतूद त्यांना लागू होत नाही. 2018 च्या कायद्यानं क्रीडन्सच्या त्या काळातल्या रेकॉर्डिंगना 2067 पर्यंत संरक्षण दिलं, पण ते मास्टरच्या मालकाला. भारतात रेकॉर्डिंगचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या 60 वर्षांचं असतं. त्या हिशेबानं 1969 ची रेकॉर्डिंग इथे 2029 च्या अखेरीस मुक्त होतील. रचना मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं सुरक्षित राहते.

मग उरतो एकच मार्ग, जो अलीकडे गायिका टेलर स्विफ्टनं सगळ्यांना माहीत करून दिला: रचना आपली आहे, तर गाणं पुन्हा गा आणि नवा मास्टर तयार कर. ऑगस्ट 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, फोगर्टीनं 'लेगसी' या अल्बममध्ये क्रीडन्सची वीस गाणी मुलांना बरोबर घेऊन नव्यानं रेकॉर्ड केली. गाण्यांच्या नावापुढे 'जॉन्स व्हर्जन' असं लिहिलेलं आहे. ॲपवर 'प्राउड मेरी' शोधलं की आता क्रीडन्सचं 1969 चं आणि हे, अशी दोन्ही येतात. नव्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज थोडा जाड झालाय, पण गिटारचा पहिला फटका पडताच माणूस ओळखू येतो.